कुणी केलं ते लिहा

शब्दांबद्दलचे प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव सगळीकडून मेसेज आले, काहींनी तर चार-चार पानं हातानं लिहून फोटो काढून पाठवलेत. सगळे छापणं शक्य नाही. जे बऱ्याच जणांचे होते ते घेतलेत, आणि नावं मुद्दाम वगळलीत कारण लोकांनी घरातलं, गावातलं मोकळेपणानं लिहिलंय.

प्रश्न: गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी "कानडी लोकांनी बस अडवली" असं टाकलं. ग्रुपमधे दोन-तीन कन्नड घरं आहेत, इथलीच, आजोबा-पणजोबांपासूनची. त्यातल्या माझ्या वर्गमित्रानं "मी कधी अडवली?" एवढंच विचारलं आणि ग्रुप सोडून गेला. मी त्याला काय बोललोच नव्हतो की! एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: तुम्ही त्याला बोलला नव्हता हे खरंय, पण तुमच्या वाक्यात तो होता. बस कुणी अडवली? गळ्यात पट्टे घातलेली आठ-दहा माणसं असतील, कुठल्यातरी संघटनेची, कदाचित तालुक्याबाहेरून आलेली. "कानडी लोकांनी" म्हटलं की त्यात ते आठ-दहा जण आले, तुमचा वर्गमित्र आला, त्याची आई आली, आणि त्या अडकलेल्या बसमधे बसून वैतागलेली कन्नड माणसंपण आली, म्हणजे ज्यांचा खोळंबा झाला तेच गुन्हेगार झाले.

फेब्रुवारी २०२५ मधलं आठवा. बेळगावजवळ बसमधे तिकिटाच्या वेळी भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, मग तिकडं चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, आणि दोन राज्यांमधल्या बसफेऱ्या थांबल्या. मारणारे मोजता येतील एवढे होते, काळं फासणारेपण मोजता येतील एवढेच. पण इकडच्या मोबाईलवर "कानडी लोक" आणि तिकडच्या मोबाईलवर "मराठिगरु", म्हणजे मराठी लोक, असं फिरलं की प्रकरण लाखो लोकांचं होतं. तुम्हाला त्या वेळी कुणी "तुम्ही कंडक्टरला मारलं" असं म्हटलं असतं तर तुम्हीपण हेच विचारलं असतं, मी कधी मारलं?

आता असं म्हणू नका की मग काय बोलूच नये. बस अडवली तर ती अडवली असंच लिहा, राग आला असेल तर तोपण लिहा. फक्त कुणी ते बरोबर लिहा: "अमुक नाक्यावर एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सकाळी बस अडवली, खानापूरला जाणाऱ्यांनी दुसऱ्या रस्त्यानं जावा." ह्यात माहितीपण जास्त आहे आणि गावातलं कुणी सापडत नाही.

कानडी की कन्नड, असं पण तुम्ही पुढं विचारलंय. कानडी हा आपला जुना शब्द, घरात आजीच्या तोंडी तो नुसता भाषेचं नाव म्हणून असायचा, त्यात वाईट काय नव्हतं. पण भांडणात तो इतक्या वेळा फेकून मारला गेलाय की समोरच्याला आता तो लागतो. ते स्वतःला कन्नड म्हणवतात तर आपण कन्नड म्हणावं, आपलं काय जातंय? आणि मित्राला परत ग्रुपमधे ॲड करत बसू नका, घरी जाऊन भेटा.

प्रश्न: मी मराठी शाळेत शिकवते. पोरं वर्गात "काय करूलाय", "जेवूलाय" असंच बोलतात. इन्स्पेक्शनला आलेल्यांनी "मुलांची भाषा अशुद्ध आहे" असा शेरा दिला. मुलांना हे कसं सांगू?
— शिक्षिका, येळ्ळूर

उत्तर: मुलांना "अशुद्ध" हा शब्द सांगूच नका एवढी माझी कळकळीची विनंती. ते पोर जे बोलतंय ते त्याची आई बोलते, आजी बोलते, शिवारात, दुकानात, देवळात तेच चालतं. "तुझी भाषा अशुद्ध" म्हटलं की त्याला ऐकू येतं तुझं घर अशुद्ध. आणि आपल्याकडं ह्याला आणखी एक बाजू आहे. सरकारी कामात कन्नड येत नाही म्हणून कमीपणा, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपुढं मराठी बरोबर नाही म्हणून कमीपणा. दोन्हीकडून मार खाल्लेलं पोर शेवटी बोलायचंच बंद होतं किंवा इंग्लिश मीडियमकडं बघत बसतं.

"बोली" आणि "प्रमाण" हे दोन शब्द आहेत, चांगले आहेत, वापरा. फळ्यावर दोन रकाने करा, एकात "मी जेवूलाय", दुसऱ्यात "मी जेवतोय", आणि सांगा की हे घरचं, हे पेपरातलं, दोन्ही यायला पाहिजेत. कन्नडच्या शेजारात शेकडो वर्षं राहून आपली बोली अशी झालीय, ती बिघडलेली नाही. शेरा देणाऱ्या साहेबांना उत्तर द्यायचं असेल तर "मुलं बोलीत बोलतात, प्रमाण लेखनाचा सराव चालू आहे" असं लिहून द्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

प्रश्न: कॉलेजच्या बसमधे एक माणूस रोज मागं उभा राहून अंगाला हात लावतो, उतरल्यावर मागं मागं येतो. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले "छेडछाड होतेच, तू बस बदल". तक्रारीत काय लिहायचं तेच कळत नाहीये.
— विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर: पहिलं म्हणजे तू बस बदलायची गरज नाहीये.

छेडछाड हा शब्द पोरांच्या खेळातला वाटतो, कुणीतरी कुणाचीतरी गंमत केली असा. त्यामुळंच बाबांना "होतेच" म्हणता आलं. "एक माणूस रोज माझ्या अंगाला हात लावतो" हे वाक्य त्यांच्यासमोर तसंच्या तसं म्हणून बघ, त्याच्यापुढं "होतेच" लावणं कुठल्याच बापाला जमणार नाही. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२३ मधे न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, बायकांबद्दल कोर्टात कुठले शब्द वापरू नयेत ह्याची, त्यात "ईव्ह टीझिंग", म्हणजे आपली छेडछाड, हा शब्द काढून रस्त्यावरचा लैंगिक छळ असं म्हणा असं सांगितलंय. म्हणजे शब्दानं फरक पडतो हे तिथपर्यंत पोचलंय.

तक्रारीत छेडछाड लिहू नकोस. काय केलं ते लिही: कुठल्या तारखेला, कुठल्या रूटच्या बसमधे, किती वाजता, कुठं हात लावला, कुठल्या स्टॉपपासून कुठपर्यंत मागं आला. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यात कलम ७५ लैंगिक छळाचं आहे आणि कलम ७८ पाठलागाचं, वेगवेगळं. "छेडछाड" लिहिलंस तर दोन्ही एकाच मोघम शब्दात बुडतील. लाज वाटेल लिहिताना, हे मला कळतं, पण ती लाज तुझी नाही, त्याची आहे. मैत्रिणीला बरोबर घेऊन जा, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय निघू नकोस.

प्रश्न: बहिणीचं लग्न ठरलंय, मुलाकडचे गोकाकचे, कन्नड. कार्ड दोन्ही भाषेत छापायचंय. वडील गेले चार वर्षांपूर्वी. काका म्हणतात आईच्या नावापुढं "गं. भा." लावा, तसाच रिवाज आहे. मी "श्रीमती" म्हणतोय. आई गप्प आहे. प्रेसवाला प्रूफ घेऊन दोनदा आला.
— एक वाचक, निपाणी

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ त्या "आई गप्प आहे" वर थांबले. कार्डावर नाव तिचं, लेक तिची, आणि तिला काय आवडेल ते कुणी विचारलंय का हे पत्रात कुठंच नाही. आधी ते विचारा, आणि काकांच्या समोर नको, एकटी असताना विचारा.

बाकी जे मला माहीत आहे ते सांगते. "सौ." म्हणजे सौभाग्यवती, नवरा आहे. "गं. भा." म्हणजे गंगा भागीरथी, नवरा नाही. नाव पवित्र ठेवलंय खरं, पण कार्ड हातात घेतल्या घेतल्या सगळ्या गावाला पहिली बातमी तीच जाते. काकांच्या नावापुढं "श्री." असेल, त्यावरून काकू आहेत की नाहीत हे कुणालाच कळत नाही, आणि कळायची गरजपण नाही. बाईच्या बाबतीत मात्र नावाच्या आधी नवऱ्याचा हिशोब. एप्रिल २०२३ मधे महाराष्ट्रात मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी "विधवा" ऐवजी "गंगा भागीरथी" म्हणावं असा प्रस्ताव पुढं आणला तेव्हा खूप बायका चिडल्या, त्याचं कारण हेच. शब्द गोड केला तरी पाटी तीच राहते. मग लोढांना, नुसती चर्चा होती, निर्णय नाही, असा खुलासा करावा लागला.

आणि निपाणीपासून हेरवाड काय लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मधे तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. नंतर महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तेच करायला सांगितलं. रिवाज म्हणजे काय दगडावरची रेघ नाही, एका गावानं एका सभेत बदलला की, हे काकांना सांगा, पण भांडून नको.

आता "श्रीमती". तुमच्या कार्डात हा शब्द एक घोळ करणार आहे, आणि प्रेसवाल्याला तो बहुतेक माहीत असेल. आपल्याकडं श्रीमती म्हटलं की बरेच जण नवरा नसलेली बाई समजतात. कन्नड कार्डावर मात्र "श्रीमती मत्तु श्री अमुक" असं नवरा-बायकोचं नाव जोडीनं छापायची पद्धत आहे, तिथं श्रीमती म्हणजे सरळ संसारातली बाई. म्हणजे एकाच कार्डाच्या मराठी बाजूला तुमची आई "श्रीमती" आणि कन्नड बाजूला मुलाची आईपण "श्रीमती", आपले पाहुणे वाचून म्हणणार अरे मुलाचे वडीलपण नाहीत काय! संस्कृतात बघायला गेलं तर श्रीमती हे श्रीमान् चं स्त्रीलिंग, नवऱ्याचा काय संबंधच नाही, त्या अर्थानं कन्नडवाल्यांनी तो मोकळा ठेवलाय आणि आपण अडकवून ठेवला.

माझं मत विचारलंय म्हणून सांगते. दोन्ही बाजूंनी सगळ्यांच्याच नावापुढचं काढून टाका. सौ. नाही, श्री. नाही, श्रीमती नाही, फक्त नावं, आणि निमंत्रक म्हणून सगळ्यात वर तुमच्या आईचं नाव. काकांचं नाव त्याखाली मानानं येऊ दे. ते तयार नसले तर दोघी विहिणींना आणि घरच्या सगळ्या बायकांना श्रीमती, वय-नवरा काय न बघता, काकूंनासुद्धा. एकट्या आईला वेगळं काढू नका, एवढंच. आणि आई स्वतः म्हणाली की मला गं. भा. च पाहिजे, तर मग तेच छापा, तिचं नाव आहे.

प्रश्न: रस्त्यासाठी आमचं शिवार जातंय. पेपरात येतं "जमीन संपादित करण्यात आली", "शेतकऱ्यांना हटविण्यात आले". नोटीस कन्नडमधून, ती वाचायला दुसऱ्याकडं जावं लागतं. आम्ही अर्ज दिला त्यात "आमच्यावर अन्याय होत आहे" असं लिहिलं, उत्तर आलं नाही. शब्द चुकले काय?
— शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर: शब्द चुकले नाहीत पण त्यात धरायला काय नाही. "करण्यात आली", "हटविण्यात आले" ह्या वाक्यात करणारा कुठं आहे? ऑर्डर कुणी काढली, मशीन कुणी घातलं, पीक उभं असताना कुणाच्या सहीनं घातलं, सगळं गायब. सरकारी भाषेत ते मुद्दाम असेल किंवा सवयीनं, पण आपण आपल्या अर्जात तीच सवय उचलतो. "अन्याय होत आहे" मधेपण करणारा कुणी नाही, आणि कुणी नाही म्हटल्यावर उत्तर कोण देणार? बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला शेतकऱ्यांनी बांधावर आणि कोर्टात दोन्हीकडं विरोध केला. बांधावर घोषणा चालतात, कोर्टात सर्वे नंबर, तारीख आणि सही लागते.

म्हणून परत लिहा. सर्वे नंबर अमुक, इतके गुंठे, तमुक तारखेला अमुक ऑफिसच्या माणसांनी मोजणी केली, आम्हाला आधी नोटीस मिळाली की नाही मिळाली, शेतात काय उभं होतं. "पीक" लिहू नका, भात लिहा, पोटरीत होतं की कापणीला आलं होतं ते लिहा. आणि उताऱ्यावर म्हणजे पहाणीवर जमीन खुष्की म्हणजे कोरडवाहू लागलीय, तरी म्हणजे पाण्याखालची भाताची लागलीय की बागायत, हे आजच्या आज बघा. तुम्ही दोन पिकं घेताय, विहीर आहे, आणि कागदावर जुनं "खुष्की" तसंच असेल तर भरपाईच्या हिशोबात तो एक शब्द तुमच्या विरुद्ध उभा राहतो. तलाठ्याकडं जाऊन दुरुस्तीचा अर्ज करा, पोच घ्या.

कायद्यातपण एका शब्दाचा खेळ आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्याच्या कलम १० मधे पाण्याखालची, वर्षाला एकापेक्षा जास्त पिकं देणारी जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं आहे. वाचून बरं वाटतं. पण त्याच कलमात पुढं रेषेत जाणारे प्रकल्प, म्हणजे रेल्वे, हायवे, कालवे, विजेच्या लाईनी, हे वगळलेत. तेव्हा सभेत कुणी कलम १० चा हवाला देऊन टाळ्या घेत असेल तर रस्त्याला ते लागत नाही हे आधी समजून घ्या, आणि वकिलाला भरपाई आणि नोटीस ह्या दोन मुद्द्यांवर धरा.

भाषेचं: घटनेच्या कलम ३५० नुसार तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. मराठीत द्या, वर कलमाचा नंबर लिहा. शिवाय भाषिक अल्पसंख्याकांसाठी ज्या सवलती ठरल्यात त्यात जिथं एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेतपण काढायच्या आहेत. ते मागा. मात्र अर्जाची एक कन्नड प्रत जोडली तर टेबलावरचा क्लार्क तो त्याच दिवशी वाचतो, तुमची जमीन जातेय, तिथं काम होणं महत्त्वाचं. दोन्ही प्रती द्या, हक्कपण सोडू नका आणि वेळपण घालवू नका.

प्रश्न: लोकल न्यूज पोर्टलला काम करतो. मोर्चावर लाठी चालली की आम्ही "सौम्य लाठीमार" लिहितो, सगळेच लिहितात. सर म्हणतात तसंच ठेव.
— एक वाचक, शहापूर

उत्तर: सौम्य कुणाला? मारणाऱ्यानं सांगितलेलं विशेषण आहे ते, ज्याच्या डोक्याला टाके पडले त्याला विचारून कुणी लिहिलेलं नाही. काढून टाका. "पोलिसांनी लाठीमार केला, इतके जखमी, त्यातले इतके सिव्हिल हॉस्पिटलमधे" एवढं लिहा, सौम्य का कडक ते वाचणारा ठरवेल. आणि तोच नियम दुसऱ्या बाजूला: "दगडफेक झाली" लिहू नका, कुणी केली ते माहीत असेल तर लिहा, नसेल तर "कुणी केली ते स्पष्ट झालेलं नाही" असं लिहा. आपल्या बाजूच्या पोरांनी केली असली तरी.

प्रश्न: १ नोव्हेंबरला आम्ही दुकान बंद ठेवतो. पाटीवर "काळा दिन" लिहिलं की कन्नड गिऱ्हाईक दुखावतात, नुसतं "बंद" लिहिलं तर आपलीच माणसं घाबरलास काय म्हणतात. मधला शब्द आहे का?
— दुकानदार, बेळगाव

उत्तर: मधला शब्द नाही, शोधू नका. एकाच दिवसाला एका घरात राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनेचा दिवस, म्हणतात आणि शेजारच्या घरात काळा दिन, दोघांचीही कारणं खरी आहेत.

पण गिऱ्हाईक का दुखावतं ते बघा. त्याला वाटतं तुम्ही त्याच्या भाषेला काळं म्हणताय. तुम्ही तसं म्हणत नाही, मग पाटीवर तेवढं येऊ दे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं ते संसदेनं केलेल्या राज्य पुनर्रचना कायद्यानं, दिल्लीतल्या निर्णयानं. तुमच्याकडं साखर-पोहे न्यायला येणाऱ्या माणसानं ते केलं नाही, त्याच्या वडिलांनीपण नाही. म्हणून असं लिहा: "१९५६ च्या केंद्र सरकारच्या निर्णयाच्या निषेधार्थ आज दुकान बंद. उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला उघडेल." खाली तेच कन्नडमधे, चांगल्या अक्षरात, कुणाकडून तरी तपासून घेऊन. आणि दुसऱ्या दिवशी कुणी कन्नड गिऱ्हाईक त्यावर बोलायला थांबलं तर स्टूल पुढं करा, बोला त्याच्याशी.